सर्पिल गॅलेक्सीचं मॉडेल स्वतः बनवायचंय? आधी वेग, मग भुजा

सर्पिल गॅलेक्सीचं मॉडेल करायचं ठरवलं की बहुतेक जण आधी भुजांच्या मागे लागतात, फोटोत तेच सुंदर दिसतं ना, आणि मग कुठलातरी मोठा सिम्युलेशन कोड डाउनलोड करून त्याच्या इन्स्टॉलेशनमध्येच अडकतात. माझं म्हणणं उलटं आहे. गॅलेक्सीत कुठे किती वस्तुमान आहे हे फिरण्याच्या वेगावरून कळतं, आणि भुजा म्हणजे त्या वस्तुमानावर उमटलेली थोड्या टक्क्यांची लहर. त्यामुळे आधी वेगाचं मॉडेल, ते पटलं की मग भुजा. याच क्रमाने खाली सगळं लिहिलंय, साधा लॅपटॉप पुरतो, तोही नसेल तर ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा. पायथन थोडंफार यायला हवं, आणि बारावीचं फिजिक्स आठवत असेल तर पुष्कळ झालं.

उदाहरणाला एनजीसी ३१९८ घेऊया. सप्तर्षीच्या भागातली गॅलेक्सी आहे, मधोमध ताऱ्यांचा फुगवटा जवळजवळ नाही, तबकडी नीटनेटकी, आणि डार्क मॅटरच्या (दिसत नाही पण ओढ लावतो तो पदार्थ) अभ्यासात तिचं नाव फार जुनं आहे. १९८५ साली व्हॅन अल्बाडा, बाकॉल, बेगमन आणि सॅन्सिसी यांनी हिच्यावरच पेपर लिहिला, त्यात शेवटच्या मोजलेल्या बिंदूच्या आत डार्क मॅटर दिसणाऱ्या पदार्थाच्या किमान चौपट आहे असं निघालं. तुम्हीही आज साधारण तेच करणार आहात.

पायरी १: एकक ठरवा आणि परत बदलू नका

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. अंतर किलोपार्सेकमध्ये (एक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं), वेग किलोमीटर प्रति सेकंदात, वस्तुमान सूर्याच्या पटीत. या एककांत गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक जी येतो ०.०००००४३०. आता गंमत अशी की अंतर आणि वेग ठरले की वेळेचं एकक आपोआप ठरतं, एक किलोपार्सेक भागिले एक किमी प्रति सेकंद म्हणजे सुमारे ९७.८ कोटी वर्षं. कोडमध्ये वेळ ०.००१ लिहिली तर ती साधारण दहा लाख वर्षं, हे एका कागदावर लिहून समोर चिकटवून ठेवा.

लगेच एक हिशोब करून बघा. वर्तुळाकार फिरणाऱ्या वस्तूसाठी आतलं वस्तुमान म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या भागिले जी. एनजीसी ३१९८ चा वेग बाहेरच्या भागात सुमारे १५० किमी प्रति सेकंद आहे, ३० किलोपार्सेकवर हे घातलं की १५,७०० कोटी सूर्यांच्या आसपास उत्तर यायला हवं. आलं? मग एककं बरोबर बसलीत. नसेल आलं तर पुढे जाऊ नका.

पायरी २: डेटा आणा, आणि तो आला कुठून ते समजून घ्या

स्पार्क नावाचा डेटाबेस आहे, २०१६ मध्ये लेली, मॅगॉ आणि शॉम्बर्ट यांनी प्रसिद्ध केला, १७५ गॅलेक्सींचा, फुकट आहे. त्यातली एनजीसी ३१९८ ची मास मॉडेलची फाइल घ्या. साधी टेक्स्ट फाइल आहे, नम्पायने एका ओळीत वाचता येते. कॉलम असे आहेत: त्रिज्या, मोजलेला वेग, त्या वेगातली चूक, गॅसमुळे येणारा वेग, तबकडीमुळे येणारा वेग, फुगवट्यामुळे येणारा वेग, आणि शेवटी तबकडी व फुगवट्याची तेजस्विता.

हे वेग बरेचसे हायड्रोजनच्या रेडिओ रेषेवरून आलेत. न्यूट्रल हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटीमीटर तरंगलांबीला, अगदी क्षीण सिग्नल देतो, १९४४ मध्ये व्हॅन द हुल्स्टने हे आधी गणिताने सांगितलं आणि १९५१ मध्ये यूएन आणि पर्सेल यांनी ते पकडलं. गॅलेक्सीची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी लांब जात असते, त्यामुळे रेषा सरकते आणि त्या सरकण्यावरून वेग कळतो. तारे संपतात त्याच्या कितीतरी पुढेपर्यंत हायड्रोजन पसरलेला असतो, म्हणूनच बाहेरचा वेग मोजता आला. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश २५ किलोमीटरभर पसरल्यात ना, त्यांच्या वरच्या बँडमध्ये हीच रेषा येते आणि पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या लोकांनी छोट्या अंधुक गॅलेक्सींच्या हायड्रोजनवर खूप काम केलंय.

आता कल. गॅलेक्सी आपल्याकडे तिरकी असते आणि आपल्याला वेगाचा फक्त आपल्या दिशेचा भाग दिसतो, म्हणून मोजलेल्या वेगाला कलाच्या साइनने भागतात. एनजीसी ३१९८ चा कल सुमारे ७२ अंश. यात पाच अंशांची चूक झाली तरी वेगात अडीच-तीन टक्केच फरक पडतो. पण कल २० अंश असता आणि तुम्ही २५ धरला असता, तर साइन ०.३४ चा ०.४२ होतो आणि वेग जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी कमी येतो, वस्तुमान तर वर्गात चुकतं. म्हणून ज्या गॅलेक्सी फोटोत समोरून अप्रतिम दिसतात त्या वेगाच्या मॉडेलसाठी बहुधा निकामी, आणि अगदी कडेने दिसणाऱ्यांचा वेग छान मिळतो पण भुजा दिसत नाहीत. ३० अंशांपेक्षा कमी कल असलेली गॅलेक्सी सुरुवातीला घेऊच नका.

अंतराकडेही लक्ष द्या. १९८५ च्या पेपरात ही गॅलेक्सी ९.२ मेगापार्सेकवर धरली होती, स्पार्कमध्ये १३.८ आहे, त्यामुळे तिथला ३० किलोपार्सेकचा शेवटचा बिंदू इथे ४४ च्या आसपास दिसतो. वेग तोच राहतो, त्रिज्या ताणली जाते, वस्तुमानही त्या प्रमाणात वाढतं. दोन पेपरांतले आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरण्याआधी दोघांनी अंतर काय धरलंय ते बघायचं.

पायरी ३: दिसणाऱ्या पदार्थाचा वेग काढा

आधी फक्त मोजलेला वेग एररबारसकट प्लॉट करा. आतून चढतो आणि मग सपाट होतो, लांबपर्यंत सपाटच. त्यावर गॅसचा आणि तबकडीचा वेग काढा.

इथे दोन गोष्टी नीट कळायला हव्यात. पहिली, वेग थेट मिळवत नाहीत, वर्ग मिळवतात, कारण बेरीज होते ती गुरुत्वाकर्षणाची. दुसरी, स्पार्कमधला तबकडीचा वेग वस्तुमान-तेज गुणोत्तर १ धरून दिलाय, म्हणजे एका सूर्याएवढ्या तेजामागे एका सूर्याएवढं वस्तुमान. खरं गुणोत्तर ३.६ मायक्रॉनच्या इन्फ्रारेडमध्ये ०.५ च्या आसपास धरतात (फुगवट्यासाठी ०.७), तेव्हा तबकडीच्या वेगाच्या वर्गाला ०.५ ने गुणा, वेगाला नाही. गॅसच्या आकड्यात हेलियमसाठीचा १.३३ चा गुणक आधीच घातलेला आहे, परत घालायचा नाही. आणि गॅसच्या कॉलममध्ये काही गॅलेक्सींत मधल्या भागात मायनस आकडे दिसतील, ती टायपिंगची चूक नाही, मध्ये गॅस कमी आणि बाहेर जास्त असला की तिथला गॅस बाहेरच्या बाजूला ओढतो. त्यामुळे नुसता वर्ग केला की चिन्ह हरवतं, वेग गुणिले त्याची अॅब्सोल्यूट व्हॅल्यू असं लिहा.

बेरीज करून वर्गमूळ काढलं की दिसणाऱ्या पदार्थाची रेषा मिळते. ती बाहेर खाली उतरते आणि मोजलेले बिंदू उतरत नाहीत. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये अँड्रोमेडाचे वेग मोजले, १९८० मध्ये थॉनार्डसोबत २१ गॅलेक्सींचे, आणि तेव्हापासून ही दरी सगळ्यांसमोर आहे. स्वतःच्या स्क्रीनवर ती पहिल्यांदा उमटते तेव्हा थोडं थांबून बघा, कारण पुढचं सगळं मॉडेल या दरीसाठी आहे.

तबकडीचा वेग तयार आयता वापरण्यापेक्षा एकदा स्वतः काढून बघावा असं मला मनापासून वाटतं. फ्रीमनने १९७० मध्ये एक्स्पोनेन्शियल तबकडीचं सूत्र दिलं. त्रिज्येला तबकडीच्या स्केल लेंथच्या (जेवढ्या अंतरात तबकडीची घनता २.७ पटीने कमी होते ते अंतर) दुपटीने भागा, त्याला वाय म्हणा. मग वेगाचा वर्ग म्हणजे ४ पाय, जी, मध्यातली पृष्ठघनता, स्केल लेंथ आणि वायचा वर्ग यांचा गुणाकार, आणि त्याला कंसात आय-शून्य गुणिले के-शून्य वजा आय-एक गुणिले के-एक. ही बेसेल फंक्शन्स पायथनच्या सायपाय लायब्ररीच्या स्पेशल मॉड्यूलमध्ये तयार आहेत. त्रिज्या शून्यापासून सुरू केली तर के-शून्य अनंत होऊन नॅन येतं, म्हणून ०.०१ पासून सुरू करा. बरोबर लिहिलंय का हे तपासायला एकच खूण, वेगाचं शिखर स्केल लेंथच्या २.२ पटीवर यायला हवं.

पायरी ४: हेलो जोडा

हेलो म्हणजे गॅलेक्सीभोवती पसरलेला डार्क मॅटरचा गोळा. सुरुवातीला सूडो-आयसोथर्मल हेलो घ्या, दोनच आकडे लागतात, मध्यातली घनता आणि गाभ्याची त्रिज्या. वेगाचा वर्ग म्हणजे ४ पाय जी गुणिले घनता गुणिले गाभ्याच्या त्रिज्येचा वर्ग, आणि त्याला गुणायचं १ वजा [(गाभ्याची त्रिज्या भागिले त्रिज्या) गुणिले आर्कटॅन (त्रिज्या भागिले गाभ्याची त्रिज्या)]. लांब गेलं की कंसातलं सगळं १ कडे जातं आणि वेग आपोआप सपाट होतो. मग हाच प्रयोग एनएफडब्ल्यू हेलोने करा, नवारो, फ्रेंक आणि व्हाइट यांनी कॉस्मॉलॉजीच्या सिम्युलेशनमधून १९९० च्या दशकात काढलेला, त्याची घनता मध्याकडे चढतच जाते, गाभा नसतो.

फिट करायला सायपायचं कर्व्ह फिट पुरतं. मर्यादा नक्की घाला, नाहीतर घनता मायनस होऊन बसते. सिग्माच्या जागी एररचा कॉलम द्या.

आणि आता खरी मेख. वस्तुमान-तेज गुणोत्तरही मोकळं सोडलंत तर लक्षात येईल की जड तबकडी आणि हलका हेलो, किंवा हलकी तबकडी आणि जड हेलो, दोन्ही जवळपास सारखेच छान बसतात. याला तबकडी-हेलो डिजनरसी म्हणतात आणि नुसत्या रोटेशन कर्व्हवरून, म्हणजे त्रिज्येनुसार वेगाच्या या आलेखावरून, ती सुटत नाही. त्यामुळे एक फिट काढून 'हेच उत्तर' असं म्हणू नका. गुणोत्तर ०.३, ०.५, ०.७ असं धरून तीन वेगवेगळे फिट काढा आणि हेलोचे आकडे किती हलतात ते शेजारी शेजारी लिहा. पुढे जायचं असेल तर एमसीएमसी या पद्धतीने सगळे आकडे एकत्र फिरवून बघता येतात, त्यासाठी पायथनमध्ये लागणारी पॅकेजेस आहेत, पण तीन फिटमधून जे समजतं ते आधी पक्कं करा.

पायरी ५: आता फिरवा, आणि भुजा मोडताना बघा

वेग कळला, आता वेळ चालू करायची. केंद्रापासून बाहेर सरळ एका रेषेत शंभरेक बिंदू ठेवा, प्रत्येकाला १५० किमी प्रति सेकंद वेग द्या आणि कोन वाढू द्या. आतले बिंदू फेरी लवकर पुरी करतात, बाहेरचे मागे पडतात, रेषेची सर्पिल होते, वीस कोटी वर्षांनी १० किलोपार्सेकवर ती सर्पिल १८ अंशांवर (भुजा आणि त्या जागचं वर्तुळ यांच्यातला कोन) गुंडाळलेली दिसते, अगदी फोटोसारखी. वाटतं झालं काम. पण पुढे चालू ठेवा. शंभर कोटी वर्षांत कोन ३.७ अंशांवर येतो, हजार कोटी वर्षांत ०.३७ अंश, म्हणजे ग्रामोफोन रेकॉर्डच्या खाचांएवढ्या घट्ट. खऱ्या सर्पिल गॅलेक्सींमध्ये हा कोन साधारण १० ते ३० अंशांत असतो आणि त्या हजारेक कोटी वर्षं जुन्या आहेत. म्हणजे भुजा ही ताऱ्यांची कायमची रांग असूच शकत नाही. हा प्रयोग वगळून पुढे जाऊ नका, कारण यानंतर घनतेची लहर ही कल्पना का लागली ते आपोआप समजतं.

लिन आणि शू यांनी १९६४ मध्ये मांडलं की भुजा म्हणजे दाट झालेला पट्टा, तारे आणि गॅस त्यात शिरतात आणि बाहेर पडतात. दिवे घाटात वारी चढताना गर्दी घाटात दाट दिसते पण वारकरी बदलत असतात, तसंच. पट्ट्याची फिरण्याची स्वतःची गती असते, तिला पॅटर्न स्पीड म्हणतात.

आधी नुसत्या चित्राने हे बघा. ताऱ्याची कक्षा पूर्ण वर्तुळ नसते, तारा वर्तुळाभोवती आतबाहेर डोलत फिरतो, त्या डोलण्याच्या वारंवारतेला कॅपा म्हणतात, आणि वेग सपाट असेल तर कॅपा म्हणजे फिरण्याच्या कोनीय वेगाच्या १.४१ पट. फिरण्याच्या वेगातून कॅपाचा अर्धा भाग वजा केला की उरतो फक्त ०.२९ पट, आणि एवढ्या हळू फिरणाऱ्या चौकटीतून बघितलं की कक्षा बंद लंबवर्तुळ दिसते. काल्नाय्सने १९७३ मध्ये अशी लंबवर्तुळं एकात एक ठेवून दाखवलं, तेच करा. चाळीस लंबवर्तुळं काढा, लांब अक्षाची अर्धी लांबी २ ते २० किलोपार्सेक, लहान आणि मोठ्या अक्षाचं प्रमाण ०.८५ ते ०.९, आणि प्रत्येक लंबवर्तुळ त्याच्या आकाराच्या नैसर्गिक लॉगॅरिदमला १५ अंशांच्या टॅनने भागून येईल तेवढ्या रेडियनच्या कोनात वळवा. काहीही वेगळं न करता दोन भुजा समोर उभ्या राहतात. प्रमाण ०.७५ च्या खाली नेलं तर लंबवर्तुळं एकमेकांना छेदायला लागतात, तिथे गॅस आदळेल असं समजा, खऱ्या गॅलेक्सीत धुळीच्या काळ्या रेषा आणि नव्या निळ्या ताऱ्यांच्या माळा भुजांच्या कडेलाच का दिसतात याचा धागा इथे आहे.

ही लंबवर्तुळंही गुंडाळली जातातच, पण हळू. शंभर कोटी वर्षांनी तीच भुजा ३.७ ऐवजी १२.५ अंशांवर असते.

पायरी ६: सर्पिल बल लावून कण सोडा

आता खरं डायनॅमिक्स. वीस हजार कण तबकडीत पसरा, ते एकमेकांना ओढणार नाहीत, फक्त आपण दिलेल्या बलात फिरतील. मूळ पोटेन्शियल सोपं घ्या, वेगाच्या वर्गाचा अर्धा गुणिले (त्रिज्येचा वर्ग अधिक छोट्या गाभ्याचा वर्ग) याचा लॉग. त्यावर सर्पिल पोटेन्शियल मिळवा: वजा एप्सिलॉन गुणिले वेगाचा वर्ग गुणिले कोसाइन, आणि कोसाइनच्या आत २ गुणिले (कोन वजा पॅटर्न स्पीड गुणिले वेळ, अधिक त्रिज्येचा लॉग भागिले टॅन १५ अंश). एप्सिलॉन ०.००५ ते ०.०१ ठेवला की सर्पिलाचं त्रिज्येच्या दिशेचं बल मूळ बलाच्या चार ते सात टक्के होतं. लॉगच्या आधीचं अधिक चिन्ह मुद्दाम सांगतोय, कण कोन वाढण्याच्या दिशेने फिरत असतील तर याने भुजांची टोकं मागे राहतात, आणि जवळपास सगळ्या खऱ्या सर्पिल गॅलेक्सी तशाच फिरतात. वजा चिन्ह टाकलंत तर उलटी गॅलेक्सी मिळेल.

पॅटर्न स्पीड १५ किमी प्रति सेकंद प्रति किलोपार्सेक घ्या. मग पूर्ण सपाट १५० वेगाला तारे आणि लहर १० किलोपार्सेकवर बरोबरीने फिरतात, आतला लिंडब्लाड रेझोनन्स (ताऱ्याचं डोलणं आणि लहरीची भेट जिथे तालात येतात ती त्रिज्या) २.९ ला आणि बाहेरचा १७ ला येतो. या तीन त्रिज्या प्लॉटवर वर्तुळांनी दाखवा, भुजा कुठे ठळक होतात आणि कुठे कण विस्कटतात ते त्यांच्या संदर्भानेच वाचायचं.

पुढे ढकलायला लीपफ्रॉग वापरा: अर्ध्या पावलाने वेग, पूर्ण पावलाने जागा, परत अर्ध्या पावलाने वेग. पाऊल ०.००१, २ किलोपार्सेकवरची फेरी साधारण ८४ पावलांत होते, तेवढं पुरे. सर्पिल बल एकदम लावायचं नाही, दोन-तीन फेऱ्यांत हळूहळू शून्यापासून वाढवायचं, नाहीतर झटका बसून खोट्या रिंगा उठतात ज्या महिनाभर छळतात. तपासणीसाठी ऊर्जा बघू नका, फिरत्या लहरीत ती टिकत नाहीच. ऊर्जा वजा पॅटर्न स्पीड गुणिले कोनीय संवेग, याला जेकोबी इंटिग्रल म्हणतात, बल पूर्ण लागल्यावर प्रत्येक कणासाठी हा आकडा जागचा हलायला नको. हलत असेल तर पाऊल अर्धं करा. हे सगळं लिहायचं नसेल तर गॅल्पाय नावाच्या पायथन पॅकेजमध्ये सर्पिल पोटेन्शियल तयार आहे, पण एकदा तरी हाताने लिहा.

पायरी ७: कण एकमेकांना ओढू लागले की

आत्तापर्यंत लहर आपण बाहेरून लावली. ती मुळात येते कुठून, हे बघायला एन-बॉडी, म्हणजे सगळे कण एकमेकांना ओढतात असं सिम्युलेशन, लागतं. होल्मबर्गने १९४१ मध्ये कॉम्प्युटरशिवाय हे केलं, दोन गॅलेक्सींसाठी प्रत्येकी ३७ विजेचे दिवे मांडले आणि फोटोसेलने प्रकाश मोजून गुरुत्वाकर्षण काढलं, कारण दोन्ही अंतराच्या वर्गाने कमी होतात. आज तुम्ही गॅजेट-४ सारखा मोफत कोड चालवू शकता.

इथे सगळं सुरुवातीच्या मांडणीवर ठरतं. टूमरचा क्यू काढा, ताऱ्यांच्या वेगातला विखुरलेपणा गुणिले कॅपा भागिले (३.३६ गुणिले जी गुणिले पृष्ठघनता). १ च्या खाली असेल तर तबकडीचे तुकडे पडतात, २ च्या वर गेला तर काहीच घडत नाही, १.२ ते १.५ मध्ये भुजा उगवतात. हेलो कमी ठेवला तर मधोमध पट्टी तयार होते, ऑस्ट्रायकर आणि पीबल्स यांनी १९७३ मध्ये हे दाखवलं होतं. कण कमी असतील तर नुसत्या गोंगाटातूनही भुजा दिसतात, म्हणून तोच रन दुप्पट-चौपट कणांनी परत करा, भुजा फिक्या झाल्या तर त्या कणांच्या कमी संख्येमुळे होत्या. आणि फक्त तारे असतील तर काही फेऱ्यांनंतर तबकडी तापते, म्हणजे ताऱ्यांच्या वेगातला विखुरलेपणा वाढतो, आणि भुजा विरतात, सेलवुड आणि कार्लबर्ग यांनी १९८४ मध्ये दाखवलं की थंड गॅस येत राहिला की त्या टिकतात. सर्पिल गॅलेक्सींमध्ये गॅस आणि नवे तारे का असतात याचं मला हे सगळ्यात पटणारं कारण वाटतं.

२०२५ मध्ये पुण्याच्या एनसीआरएमधल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या फोटोंतून अलकनंदा नावाची दोन भुजांची गॅलेक्सी शोधली, बिग बँगनंतर साधारण दीडशे कोटी वर्षांतली. एवढ्या लवकर एवढी नीट तबकडी तयार कशी झाली, हा प्रश्न तुम्ही वर काढलेल्या क्यू आणि गॅसच्या हिशोबाचाच आहे.

शेवटची तपासणी

मॉडेल आणि खरा फोटो डोळ्यांनी ताडून बघणं पुरेसं नाही. फोटो आधी कलानुसार सरळ करा, म्हणजे लहान अक्षाच्या दिशेने कलाच्या कोसाइनने भागून ताणा, मग एका अक्षावर कोन आणि दुसऱ्यावर त्रिज्येचा लॉग असा प्लॉट करा. लॉगॅरिदमिक भुजा त्यात सरळ रेषा होते आणि तिच्या उतारावरून कोन मिळतो. या कामाला एनजीसी ३१९८ नको, ती फार तिरकी आहे, एम ५१ ही गॅलेक्सी घ्या. मॉडेलमधल्या कणांनाही हीच वागणूक द्या आणि दोन्ही उतार शेजारी ठेवा.

हे जमलं की स्पार्कमधून एनजीसी २४०३ उचला, भुजा तुटक आहेत आणि फुगवटा नाही, त्यामुळे पायरी ३ आणि ४ लगेच होतील. त्यानंतर डीडीओ १५४ घ्या, वेग जेमतेम ५० किमी प्रति सेकंद, तारे नगण्य, दिसणारा पदार्थ बहुतेक सगळा गॅसच. तिथे वस्तुमान-तेज गुणोत्तर काहीही धरलं तरी फारसा फरक पडत नाही, आणि सूडो-आयसोथर्मल की एनएफडब्ल्यू हा प्रश्न त्या गॅलेक्सीत जितका स्वच्छ विचारता येतो तितका एनजीसी ३१९८ मध्ये येत नाही.